पाण्याच्या आधी पोहोचलेला निरोप

२५ ऑगस्ट २०२२. पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातला कोहिस्तान जिल्हा. दुबैर खोऱ्यातल्या ओढ्याला अचानक लोंढा आला आणि पाच जण प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर अडकले. चारही बाजूंनी गढूळ पाणी उसळत होतं. काठावर सगळं गाव जमलं होतं. कुणी दोर फेकत होतं, कुणी फोन लावत होतं. हेलिकॉप्टर पाठवा, असे निरोप वर जात राहिले. काही तास असेच गेले. हेलिकॉप्टर आलं नाही. पाचांपैकी चौघे वाहून गेले, एक वाचला.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मीही पाहिला. त्याखाली लोकांनी बरंच काही लिहिलं होतं. कुणी सरकारला शिव्या घातल्या होत्या, कुणी ‘अल्लाह की मर्जी’ म्हणून हात जोडले होते, कुणी याला ‘अजाब’ म्हटलं होतं. दोन देशांतल्या भांडणाचा हिशेबही काहींनी त्यातच काढून घेतला. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. दूर डोंगरात पाणी चढतं तेव्हा माणसाला वाचवतं कोण? आणि केव्हा? हेलिकॉप्टर आलं असतं तर ते चौघे वाचले असते, हे खरंच. पण हेलिकॉप्टर नव्हतं त्या काळात डोंगरातली माणसं कशी वाचली? वाचली का?

उत्तर शोधायला इतिहासात मागे गेलं की एक चकित करणारी गोष्ट हाती लागते. हिमालयातल्या सर्वांत मोठ्या पुरांपैकी एका पुरात फक्त पाच माणसं मेली. आणि तो पूर आला होता १८९४ साली.

डोंगरातलं पाणी वेगळं

आपल्याला पूर माहीत आहे तो कोल्हापूर-सांगलीचा. नदी फुगते, पंचगंगेची इशारा पातळी जाहीर होते, मग धोक्याची पातळी. पाणी पायरी पायरीने चढतं. नुकसान अफाट होतं, पण घर सोडायला थोडा वेळ मिळतो.

डोंगरात हा वेळ मिळत नाही. तिथे पूर येण्याच्या तीन ठळक वाटा आहेत. पहिली ढगफुटी. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला की ती ढगफुटी. दुसरी वाट दरडीची. डोंगराचा कडा कोसळून नदी अडते, मागे तलाव साचतो आणि एक दिवस तो मातीचा बांध फुटतो. तिसरी हिमनदीची. बर्फाच्या बांधामागे किंवा हिमनदीच्या तोंडाशी साचलेलं पाणी एकदम सुटतं.

तिन्ही प्रकारांत पाणी एकटं येत नाही. घराएवढ्या शिळा, झाडं आणि चिखल घेऊन येतं. काही मिनिटांत कोण जगणार, कोण मरणार हे ठरून जातं. त्यानंतर येते ती मदत. तंबू, धान्य, औषधं, नेत्यांचे दौरे. या सगळ्याची गरज असतेच. पण मेलेल्यांचा आकडा तोवर पक्का झालेला असतो. म्हणून डोंगरी पुरात मदतकार्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग पाणी येण्याआधीच पार पडावा लागतो. तो भाग म्हणजे निरोप.

अटकेचा तळ

निरोप पोहोचला नाही तर काय होतं, याचं उदाहरण १८४१ चं आहे. १८४०-४१ च्या हिवाळ्यात भूकंपाने नंगा पर्वताचा एक कडा लिचर या ठिकाणी सिंधू नदीत कोसळला. नदी अडली. मागे थेट गिलगितच्या दिशेने मैलोन्‌मैल पाणी तुंबलं. खाली अटकेजवळ सिंधूचं पात्र मात्र काही महिने विलक्षण रोडावलं होतं.

नदी अवेळी आटली, हाच खरं तर निरोप होता. पण तो वाचणार कोण? जून १८४१ मध्ये बांध फुटला. त्या वेळी अटकेजवळच्या मैदानात शीख फौजेचा तळ पडला होता. पाण्याची आणि चिखलाची भिंत आली आणि शेकडो सैनिक, तंबू, जनावरं, तोफा घेऊन गेली. काठावरची किती गावं गेली, याची कुणी नीट मोजदाद ठेवली नाही. फौजेची नोंद राहिली, गावकऱ्यांची राहिली नाही. हा भेदभाव पुढेही आपल्याला भेटणार आहे.

गोहना: एक वर्ष आधी सुरू झालेलं मदतकार्य

आता १८९४ कडे येऊ. सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालमधल्या गोहना गावाजवळ आख्खा डोंगर बिरही गंगेत उतरला. बिरही पुढे अलकनंदेला मिळते आणि अलकनंदा गंगेला. दरडीचा बांध सुमारे ९०० फूट उंच होता. पटवाऱ्याने वर कळवलं की डोंगर पडला आहे. जिल्ह्याचे सर्व्हेअर पंडित हरिकृष्ण पंत यांनी जाऊन पाहणी केली. त्यानंतर अधीक्षक अभियंता कर्नल पुलफर्ड तिथे गेले. त्यांनी तलावात येणारं पाणी, बांधाची उंची आणि पुढचा पावसाळा यांचं गणित मांडलं. निष्कर्ष असा निघाला की तलाव भरायला जवळपास वर्ष लागेल आणि पाणी १८९४ च्या ऑगस्टच्या मध्याला बांधावरून वाहू लागेल.

बांध फोडता येणार नव्हता. मग पुलफर्ड यांनी ठरवलं की पाणी अडवायचं नाही, माणसं हलवायची. गोहन्याला एका लष्करी अभियंत्याची नेमणूक झाली. तिथून थेट हरिद्वारपर्यंत, दीडशे मैलांच्या आसपास, तारेची लाइन टाकण्यात आली. त्या काळात, त्या डोंगरात. खोऱ्यात उतारांवर दगडी खुणा उभारल्या. या खुणेच्या वर असाल तर सुरक्षित, खाली असाल तर नाही. इतकी साधी सूचना, अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळणारी. नदीवरचे झुलते पूल आधीच उतरवून ठेवले. बद्री-केदारच्या यात्रेकरूंची वाट वळवली.

२५ ऑगस्ट १८९४ च्या सकाळी पाणी बांधावरून वाहू लागलं. तार सुटली. रात्री साडेअकराच्या सुमारास बांध फुटला आणि काही तासांत तलावाची पातळी ३९० फुटांनी खाली गेली. गढवालचं श्रीनगर शहर त्या रात्री जवळजवळ पुसलं गेलं. राजवाडा गेला, बाजार गेला. पण माणसं वर, खुणांच्या वर बसली होती.

मृत्यू झाले ते पाच. इंग्रजी कागदांत ज्याला ‘फकीर’ म्हटलं आहे असा एक साधू आणि त्याचं कुटुंब. त्यांना बांधाखालून दोनदा जबरदस्तीने हलवलं होतं. ते पुन्हा तिथेच जाऊन राहिले.

इथे इंग्रजांचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. दोन-तीन वर्षांतच, १८९६-९७ मध्ये याच सरकारने दुष्काळात किती हात आखडता घेतला आणि पुण्यात प्लेगच्या नावाखाली रँडने काय केलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गोहन्याच्या खाली हरिद्वारला गंगा कालव्याचं तोंड होतं. त्या कालव्यावर सरकारचा महसूल उभा होता. तेव्हा ही तत्परता निव्वळ दयेपोटी आलेली नव्हती. तरी गोहन्याचा धडा त्यामुळे रद्द होत नाही. उलट अधिक स्पष्ट होतो. सरकारला एखादी गोष्ट स्वतःच्या कामाची वाटली तर १८९४ सालीही दुर्गम डोंगरातली हजारो माणसं वाचवता येत होती. साधनं नव्हती, ही सबब तेव्हाही खरी नव्हती.

श्योकच्या शेकोट्या

दुसरी गोष्ट लडाखची. काराकोरममध्ये चोंग खुमदान नावाची हिमनदी आहे. ती पुढे सरकली की श्योक नदीला बर्फाचा बांध घालते. लेहहून यारकंदला जाणारे काफिले याच मुलखातून जात. लेहचे आरघोन मुसलमान या व्यापाऱ्यांच्याच वंशातले. यारकंदी किंवा काश्मिरी बाप आणि लडाखी आई, अशा घरांमधून हा समाज घडला. या लोकांना श्योकचा स्वभाव ठाऊक होता.

१९२६ साली हा बांध फुटला आणि श्योकच्या काठची शेतं, वस्ती वाहून गेली. बांध पुन्हा तयार झाला, मागे कित्येक मैलांचा तलाव साचला. या वेळी मात्र लोक सावध होते. पंजाबच्या पाटबंधारे खात्याचे अभियंते जे. पी. गन यांच्याकडे तलावावर लक्ष ठेवण्याचं काम आलं. तारेची लाइन टाकणं त्या उंचीवर शक्य नव्हतं. म्हणून नदीकाठच्या टेकड्यांवर अंतराअंतराने शेकोट्या रचून ठेवल्या आणि राखणदार बसवले. बांध फुटला की पहिली शेकोटी पेटवायची. ती दिसली की दुसरी. १५ ऑगस्ट १९२९ रोजी बांध फुटला. पाणी श्योकमधून सिंधूत आणि सिंधूतून अटकेपर्यंत गेलं. पण १८४१ सारखं ते कुणाला झोपेत गाठू शकलं नाही.

ही गोष्ट वाचताना नकाशा समोर ठेवावा. श्योक नदी लडाखमधून वाहत बाल्टिस्तानात जाते. १९४७-४८ नंतर हे खोरं मधोमध कापलं गेलं. आज तुर्तुकच्या पुढे नियंत्रण रेषा आहे. म्हणजे ज्या वाटेने एके काळी आगीचा निरोप एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जायचा, त्या वाटेच्या मधून आता सैन्याच्या चौक्या गेल्या आहेत. पाण्याला मात्र कुणी व्हिसा विचारत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू जल करार स्थगित केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तवी नदीला पूर आला, तेव्हा इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायोगामार्फत भारताने पाकिस्तानला धोक्याची सूचना दिली. कराराखाली नाही, मानवतेच्या भूमिकेतून. संबंध इतके ताणलेले असताना हे झालं, याची दखल आपल्याकडे फारशी कुणी घेतली नाही. ती घ्यायला हवी. शत्रू म्हटल्या जाणाऱ्या देशातल्या शेतकऱ्यालाही पुराचा निरोप देणं, ही या भूमीची चांगली परंपरा आहे.

विसरणं

गोहन्याचा तलाव १८९४ नंतरही थोडा उरला होता. २० जुलै १९७० रोजी अलकनंदेला महापूर आला आणि तो उरलेला तलावही गाळाने भरून गेला. बेलाकुची नावाची वस्ती वाहून गेली, रस्त्यावरच्या बसगाड्या गेल्या. खाली हरिद्वारला गंगा कालव्यात किलोमीटरच्या किलोमीटर गाळ साचला. या वेळी ना तार होती, ना उतारावरच्या खुणा. मधल्या काळात वरची जंगलं ठेकेदारांनी उतरवली होती. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूरग्रस्तांमध्ये काम करताना पाहिलं की जिथे झाडं तोडली गेली तिथूनच डोंगर जास्त कोसळला आहे. तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, चिपको आंदोलन सुरू झालं. पूरग्रस्तांना धान्य वाटता वाटता पुराचं कारण विचारणारी माणसं दुर्मीळ असतात. ही तशी होती.

लेह, २०१०

लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे कोकणात तेवढा एका दुपारीही पडतो. त्यामुळे तिथली घरं मातीच्या विटांची आणि सपाट धाब्याची. पावसाचा विचार करून ती बांधलेलीच नाहीत. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री आसपासच्या डोंगरांवर ढगफुटी झाली. गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा, लेहच्या हवामान केंद्रावर त्या रात्री नोंद झाली ती १२.८ मिलिमीटरची. पाऊस कोसळला तिथे मोजायला काही नव्हतं, आणि मोजायला होतं तिथे पाऊस नव्हता.

२३० हून अधिक लोक गेले. सत्तरेक गावांना फटका बसला. सर्वांत भीषण अवस्था झाली चोगलमसरची. साबू, फ्यांग, निमू ही गावं चिखलात गेली. जिथे जखमींना न्यायचं, त्या सोनम नुरबू रुग्णालयातच चिखल शिरला. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं. श्रीनगरचा आणि मनालीचा, दोन्ही रस्ते तुटले. म्हणजे १८९४ साली गोहन्यात जे साधन होतं, ते २०१० साली लेहमध्ये पहिल्याच तासात बुडालं.

मग वाचवलं कुणी? ज्यांचे हात जवळ होते त्यांनी. शेजाऱ्यांनी, लेहमध्ये तळ असलेल्या लष्कराने आणि आयटीबीपीच्या जवानांनी, सीमा सडक संघटनेच्या कामगारांनी, भिक्खूंनी, विद्यार्थ्यांनी. मोसम पर्यटनाचा होता, त्यामुळे देशी-परदेशी पर्यटकही फावडी घेऊन चिखल उपसत होते. पंतप्रधान मनमोहन सिंग १७ ऑगस्टला लेहला गेले, १२५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली आणि हिवाळ्याआधी घरं उभी करण्याचं आश्वासन दिलं. ही मुदत महत्त्वाची होती. मुंबईत पूरग्रस्त तंबूत महिनाभर काढू शकतो. लेहमध्ये ऑक्टोबरनंतर तंबू म्हणजे दुसरं मरण.

आणि मेले कोण? त्यात लडाखी होते, पर्यटक होते. आणि होते बिहार, झारखंड, नेपाळमधून आलेले मजूर. रस्ते बांधणारी, नदीकाठच्या स्वस्त जागेत पालं टाकून राहणारी ही माणसं. घर वाहून गेलं तर नुकसानभरपाई मिळते, पण पाल वाहून गेलं तर? नावाची नोंदच नसेल तर बेपत्ता म्हणून तरी कुणाचं नाव लिहायचं? १८४१ च्या अटकेला ज्या गावकऱ्यांची मोजदाद झाली नाही, त्यांचेच हे वारस.

स्वात, आणि ओळखपत्राचा प्रश्न

लेहच्या आधी आठवडाभर त्याच पावसाळ्याने पाकिस्तानातलं स्वात खोरं उद्ध्वस्त केलं होतं. स्वातची माणसं वर्षभरापूर्वीच, २००९ च्या लष्करी कारवाईनंतर विस्थापनातून घरी परतली होती. तालिबानने शाळा उडवलेल्या, मग तोफांनी घरं पडलेली. ती उभी करेपर्यंत जुलै २०१० च्या अखेरीस नदी आली. वरच्या स्वातमधले जवळजवळ सगळे पूल गेले. कालामसारखी गावं तुटली. हेलिकॉप्टर उडाली, त्यात अमेरिकेचीही होती. जिथे ती पोहोचली नाहीत तिथे माणसांनी आणि गाढवा-खेचरांनी धान्य वाहिलं. पुढे हा पूर सिंधूबरोबर सिंध प्रांतापर्यंत गेला, दोन कोटी लोकांना त्याची झळ लागली आणि जवळपास दोन हजार माणसं मेली. भारताने आधी ५० लाख डॉलर देऊ केले, नंतर मदत अडीच कोटी डॉलरवर नेली. पाकिस्तानने ती संयुक्त राष्ट्रांच्या मार्फतच घेतली. एका नदीच्या दोन टोकांना एकाच महिन्यात माणसं मरत असतानाही थेट हातातून हातात मदत देता आली नाही, एवढं आपण एकमेकांपासून दूर गेलो आहोत.

त्या पुरानंतर पाकिस्तान सरकारने ‘वतन कार्ड’ काढलं. पूरग्रस्त कुटुंबाला त्यावर पहिला हप्ता २० हजार रुपयांचा. कल्पना चांगली होती. ट्रकमागे धावण्यापेक्षा पैसे हातात येणं केव्हाही मानाचं. पण कार्डासाठी राष्ट्रीय ओळखपत्र लागायचं. डोंगरातल्या अनेक बायकांकडे ते नव्हतंच. नवरा मेलेला किंवा परगावी, कागद नाही, मग कुटुंबच नाही. कागदाची ही दहशत काय असते, ते आपल्या वाचकांना मी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पुरात पहिली वाहून जाते ती पत्र्याची पेटी, आणि कागद त्याच पेटीत असतात.

कालामच्या पुराला आणखी एक शेपूट आहे. २०१० मध्ये तिथलं नदीकाठचं एक हॉटेल पुराने मोडलं होतं. ते पुन्हा नदीकाठीच बांधलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते कोसळताना साऱ्या जगाने पाहिलं. नदीने आपली जागा एकदा दाखवून दिली होती. माणसाने ती पुन्हा बळकावली.

अशर आणि इर्जिक

पश्तुन गावांत ‘अशर’ नावाची रीत आहे. एखाद्याचं घर बांधायचं असेल, पाटाचं पाणी वळवायचं असेल तर सगळं गाव बिनमोल राबतं. लडाखमध्ये बौद्ध घरांचे ‘फासपुन’ नावाचे गट असतात. जन्म, लग्न, मरण, सगळ्यात ही घरं एकमेकांना बांधलेली. आपल्याकडे शेतात ‘इर्जिक’ असायची, ती याच जातकुळीतली. डोंगरातल्या पुरात पहिले काही तास हीच व्यवस्था काम करते. बाहेरून येणारी संस्था कितीही मोठी असो, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येते.

ज्यांनी हे ओळखलं त्यांनी या रीतीलाच प्रशिक्षण दिलं. चित्राल आणि गिलगित-बाल्टिस्तानात आगाखान संस्थांनी गावागावांत स्वयंसेवकांच्या तुकड्या तयार केल्या. बायका आणि पुरुष दोन्ही. प्रथमोपचार, दोराचं काम, कोणतं घर कोणत्या ओहोळाच्या वाटेत आहे याचे नकाशे. तंबू आणि घोंगड्या आधीच वर नेऊन ठेवलेल्या, कारण रस्ता तुटल्यावर त्या जाणार नाहीत. बायकांचा सहभाग इथे शोभेचा नाही. पडद्याच्या मुलखात रात्री घराघरांत जाऊन बायका-मुलांना बाहेर काढायचं तर बाईच लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये याच भागात, गिझर खोऱ्यात, रात्रीच्या वेळी हिमनदीचं पाणी सुटलं. वर गुरं राखणाऱ्या एका मेंढपाळाने आणि त्याच्या साथीदारांनी ते पाहिलं आणि खाली गावात फोन केला. गाव उठलं, वर पळालं. घरं गेली, नदी अडून तलाव झाला, पण शेकडो लोक वाचले. सरकारने नंतर त्या मेंढपाळांचा गौरव केला. ते योग्यच झालं. पण विचार करा, १८९४ ची तार, १९२९ ची शेकोटी आणि २०२५ चा मेंढपाळाचा फोन, काम एकच आहे. फरक एवढाच की पहिल्या दोन वेळी कुणीतरी आधी ठरवून माणूस तिथे बसवला होता. तिसऱ्या वेळी तो योगायोगाने तिथे होता.

त्याच्या आठवडाभर आधी, १५ ऑगस्टला, बुनेर जिल्ह्यात असा माणूस नव्हता, किंवा असला तरी त्याचा आवाज पोहोचला नाही. तिथे एकाच दिवसात दोनशेहून अधिक लोक मेले. त्याच दिवशी बाजौरकडे मदत घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर मोहमंद भागात कोसळलं आणि त्यातले पाचही जण गेले. २०१३ मध्ये केदारनाथच्या बचावकार्यात आपल्या हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडून वीस जण गेले होते. खराब हवेत डोंगरात उडणं किती जिवावरचं असतं, हे विसरून आपण ‘हेलिकॉप्टर का आलं नाही’ एवढंच विचारतो. तो प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की हेलिकॉप्टरची वेळच का आली?

आपला डोंगर

हे सगळं लांबचं वाटत असेल तर सह्याद्रीत या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो बस घेऊन आला तेव्हा गावच जागेवर नव्हतं. १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडी गेली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला फक्त पायवाट. हवेमुळे हेलिकॉप्टर उडालं नाही. जवान आणि ट्रेकर्स अंधारात, चिखलात चढून गेले. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती.

यादीत नाव नसणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. अटकेचे गावकरी, चोगलमसरचे मजूर, स्वातच्या विधवा, इर्शाळवाडीचे ठाकर.

आपल्या जमातींमध्ये पुरानंतर चंदा जमतो, जुम्म्याला रुमाल फिरतो, पोरं टेम्पो भरून निघतात. महाड-चिपळूणच्या वेळी सगळ्या समाजांतून माणसं अशीच धावली. ही इन्सानियत मोलाची आहे आणि ती राहिलीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की या चंद्यातला थोडा वाटा पाणी येण्याआधी खर्च व्हावा. वरच्या वाडीत एक पर्जन्यमापक, एक भोंगा, रात्री जागणाऱ्या दोन माणसांची मजुरी, कागदांच्या प्रती सुरक्षित ठेवायची सोय, दोर वापरायला शिकलेली दहा मुलं-मुली. यावर कुणाचा फोटो छापून येत नाही. पोती वाटतानाचा येतो. म्हणून पैसा पोत्यांकडे जातो.

‘अल्लाह की मर्जी’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. श्रद्धा माणसाला दुःख सोसायचं बळ देते. पण आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, हेही आपल्याला लहानपणापासून सांगितलेलंच आहे. गोहन्याच्या उतारावरच्या खुणा हे उंट बांधणंच होतं. ढगफुटी माणसाच्या हातात नाही. वाढत्या तापमानाने हिमनद्यांचे तलाव फुगत आहेत, तेही दुबैरच्या त्या खडकावर उभ्या असलेल्यांच्या हातात नव्हतं. निरोप मात्र माणसाच्या हातात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तो तारेवरून दीडशे मैल गेला होता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. फोन करणारा माणूस वर नेमून ठेवायचा की नाही, एवढंच ठरवायचं बाकी आहे.